सोलापूर-गोवा विमान: वेबसाइटवर पंचवीस मिनिटं, माझ्या घड्याळात चार तास वीस

आधी मार्क देऊन टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. विमानाला पाचपैकी चार. आणि ज्या वेबसाइटवर बघून मी आईला "पंचवीस मिनिटात गोवा" असं सांगून बसलो होतो तिला पाचपैकी एक, तो पण नकाशा छान दिसतो म्हणून. तिचं नाव लिहीत नाही, तशा दहा आहेत, सगळ्या एकसारख्याच. दोन विमानतळांची नावं टाका, खाली अंतर येतं, उड्डाणाचा वेळ येतो आणि मधे एक सुबक वाकडी रेघ.

झालं असं की आमची आक्का सावंतवाडीला दिलेली. सोलापूर ते सावंतवाडी म्हणजे सांगोला, मिरज, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली असं पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास जातं आणि चहा-नाष्टा, आईचे पाय मोकळे करणं, आंबोलीच्या धुक्यात वीसच्या स्पीडने सरकणं हे सगळं धरून साडेआठ तास कुठेच जात नाहीत. रेल्वेचं विचारू नका, होटगीवरून विजापूर, गदग, हुबळी असा वळसा, त्यापेक्षा गाडी बरी. त्यामुळे ९ जून २०२५ ला फ्लाय ९१ चं सोलापूर-गोवा विमान सुरू झालं तेव्हापासून डोक्यात किडा होता की एकदा आईला घेऊन ह्याने जायचं, आणि राखीपौर्णिमेला योग आला. ऑफिसात सांगितलं तर पहिला प्रश्न "काय बे, आक्काकडं का गोव्याला?" आता खरं सांगून पण कोण ऐकतंय.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी. आमचं विमानतळ होटगी रोडला, जुनंच आहे, पूर्वी किंगफिशरचं विमान यायचं ते बंद पडलं आणि मग वर्षानुवर्षं सोलापूरकरांनी विमानतळाचा फक्त विषयच चघळला. मधे सिद्धेश्वर कारखान्याच्या चिमणीचा वाद. चिमणी नव्वद मीटरच्या पुढची, विमान उतरण्याच्या वाटेत येते म्हणून शेवटी १५ जून २०२३ ला पाडली, आख्ख्या गावाने मोबाईलवर तो व्हिडिओ शंभरदा बघितलाय. कारखान्याच्या सभासदांना त्या दिवशी काय वाटलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यानंतर २९ सप्टेंबर २०२४ ला मोदींनी ऑनलाइन उद्घाटन केलं आणि त्यालाही आठ-नऊ महिने उलटल्यावर पहिलं विमान. म्हणजे आमच्यासाठी हे नुसतं विमान नाही, मधे किती रामायण झालंय ते बाहेरच्याला कळायचं नाही. असो.

आता अंतराचं. ह्या वेबसाइटवर मी सोलापूर आणि गोवा टाकलं तर उत्तर ३३५ किलोमीटर, पंचवीस मिनिटं. मला आधी अंतरच खटकलं कारण विमान मोपाला जातं आणि मोपा म्हणजे पेडणे तालुका, गोव्याचं वरचं टोक, आपल्याकडून जवळचं. नंतर लक्षात आलं की वेबसाइटबाई दाबोळी धरून बसल्यात. गोव्याला २०२३ च्या जानेवारीपासून दोन विमानतळ चालू आहेत, दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा म्हणजे मनोहर पर्रीकरांच्या नावाच्या विमानतळाचा जीओएक्स, आणि नुसतं गोवा टाकलं की ही वेबसाइट गुपचूप दाबोळी उचलते. जीओएक्स टाकल्यावर ३०५ आलं. तीस किलोमीटरचा फरक हवेत काहीच नाही, पण जमिनीवर मोपा आणि दाबोळीत साठ-पासष्ट किलोमीटर आहेत आणि मधे पणजी-मांडवी सगळं आलं, त्यामुळे कुणी ह्या भरवशावर दाबोळीचं हॉटेल किंवा टॅक्सी ठरवून बसला तर त्याचं काय होणार विचार करा. तिकीट काढताना कोड बघा, एवढं तरी कराच.

खाली त्यांनी मैल पण दिलेत, साधे मैल १८९. विमानवाले मोजतात नॉटिकल मैलात, तो १.८५२ किलोमीटरचा, त्या हिशोबाने १६५ च्या आसपास. भाचा पायलट व्हायचं म्हणतोय म्हणून त्याच्यासाठी लिहिलं, बाकीच्यांनी सोडून द्या.

बरं हे ३०५ म्हणजे सरळ रेघ, दोरा ताणून मोजल्यासारखं. मला हा नाद आहे म्हणून रात्री भिंतीवरच्या नकाशावर खरंच फूटपट्टी लावली, सोलापूर आणि मोपा जोडलं तर रेघ जतजवळून, अथणीजवळून, कुडचीपाशी कृष्णा ओलांडून, चिकोडी, गडहिंग्लज, आंबोलीच्या अंगाने खाली उतरते. म्हणजे आपण गाडीने जातो तेव्हा पश्चिमेला मिरज-कोल्हापूरपर्यंत जाऊन मग दक्षिणेला वळतो, काटकोनाच्या दोन बाजू चालल्यासारखं, आणि विमान कर्ण पकडतं. गाडीची वाट आणि हवेतली वाट एकमेकींच्या जवळ येतात त्या थेट आजऱ्याला. शाळेत पायथागोरस कशाला शिकवला ते मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

पण वेळेचा गोंधळ अंतरापेक्षा मोठा. पंचवीस मिनिटं आली कुठून, तर ३३५ ला ताशी ८०० ने भागलं. ताशी ८०० हा मोठ्या जेट विमानाचा वेग, ते पण पार वर जाऊन सरळ रेषेत उडत असताना. ह्या मार्गावर विमान आहे एटीआर ७२-६००, पंख्याचं, सत्तरेक सीटचं, त्याचा वरचा वेगच ताशी ५०० च्या आसपास. त्यात चढताना त्याहून बराच कमी, उतरताना परत कमी, आणि तीनशे किलोमीटरच्या प्रवासात चढणं आणि उतरणं हाच निम्मा प्रवास असतो, मधला सपाट भाग नावाला. एसटीचा कंडक्टर पण टाइमटेबल असं काढत नाही की अंतर भागिले टॉप स्पीड.

मी स्टॉपवॉच लावून बसलो होतो (आई: "मोबाईल ठेव की आता"). जागेवरून विमान हललं तिथपासून चाकं जमीन सोडेपर्यंत आठ मिनिटं, कारण ते रनवेवरूनच टोकापर्यंत जातं, तिथे गर्रकन वळतं आणि मग सुटतं. हवेत एकोणपन्नास मिनिटं. उतरल्यावर जागेवर लागेपर्यंत सहा. एकूण त्रेसष्ट. तिकिटावर सत्तर मिनिटं लिहिली होती म्हणजे सात मिनिटं आधीच पोचलो आणि शेजारचे काका खूश, की वेळेआधी आणलं बघा. पण ते तसं नसतं, तिकिटावरची वेळ ही हवेतली नसतेच, विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते आणि त्यात थोडी ढील ठेवलेली असते, वाऱ्यासाठी, रांगेसाठी, कुणाला वर थांबवलं तर त्यासाठी. ही ढील वाईट नाही. लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त देताना आपण तरी काय करतो.

एकोणपन्नास मिनिटात ३०५ म्हणजे सरासरी ताशी पावणेचारशेच्या आत. येताना गंमत, तेच अंतर चव्वेचाळीस मिनिटात कापलं. पावसाळ्यात वारं समुद्राकडून येतं ना, पश्चिमेकडून, ते जाताना समोरून आणि येताना पाठीवर. एका फेरीवरून नियम काढू नये हे कळतं मला, पण श्रावणातलं वारं घाटावर कसं वाहतं ते ज्याने आंबोलीला छत्री उघडायचा प्रयत्न केलाय त्याला सांगायला नको. वेबसाइट मात्र जाता-येता दोन्ही पंचवीसच दाखवते.

आता विमानाविषयी, कारण शेवटी रिव्ह्यू त्याचा आहे. आई अडुसष्ट, पहिलाच विमानप्रवास, टर्मिनलमधून बाहेर चालत विमानाजवळ गेलो तर ती थांबलीच. "अरे ह्याला तर पंखा आहे की." म्हटलं असतो पंखा. "टीव्हीत नसतो." मागून एक मुलगा हसला. खूप लोकांना वाटतं पंखा म्हणजे जुनं विमान, तसं नाही, आत इंजिन जेटच्याच जातीचं असतं, ते सहा पात्यांचा पंखा फिरवतं, आणि चारपाचशे किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला हेच परवडतं, इंधन कमी लागतं, छोटी धावपट्टी चालते. शिवाय आपल्या देशात ऐंशीच्या आत सीटं असलेल्या विमानाला लँडिंगचं भाडं माफ आहे, त्यामुळे सोलापूर, जळगाव, सिंधुदुर्ग असल्या ठिकाणी तुम्हाला हीच विमानं दिसणार.

एटीआरला चढायचं मागच्या दरवाज्याने, दरवाजाच खाली उघडतो आणि त्यालाच पायऱ्या असतात, पाच-सहा, उंची कमी. आईचे गुडघे बघता हा मोठाच प्लस पॉइंट, ती कठड्याला धरून आरामात चढली. पुढची सीट मिळाली म्हणून खूश होऊ नका, इथे उतरायचं पण मागूनच त्यामुळे पुढचे सगळ्यात शेवटी. सामान पुढच्या बाजूला ठेवतात, कॉकपिटच्या मागे. सीटं दोन-दोन, मधली सीट हा प्रकारच नाही, म्हणजे नवरा-बायको किंवा आई-मुलगा असे जोडीने बसतात, तिसरा परका कोपर घालायला नाही. डोक्यावरचे कप्पे छोटे आहेत, मोठी ट्रॉली बॅग जात नाही, ती काउंटरवरच द्या आणि विषय संपवा.

पंख वरच्या बाजूला असल्याने कुठल्याही खिडकीतून खाली दिसतं. हे मला माहितीच नव्हतं. मधल्या रांगांत बसलात तर खिडकीतून चाक दिसतं, अगदी हाताच्या अंतरावर, आणि उडाल्याबरोबर ते चाक हळूच आत घेतलं जातं आणि झाकण लागतं, ते बघून आईने माझा हात धरला तो जत मागे पडेपर्यंत सोडला नाही. आवाज आहे. घरघर नव्हे, एकसुरी घुमणारा, गिरणीत दळण टाकल्यावर बाहेर बाकड्यावर बसून येतो तसा. ज्यांना झोप लागते त्यांना लागेल, गप्पा मारायच्या तर जरा वरच्या पट्टीत. मागच्या सीटला आवाज कमी वाटला येताना, पंखे पुढच्या भागाच्या जवळ असतात म्हणून असेल.

खालचं दृश्य. सोलापूर सुटल्यावर भीमा, मग ऊस, ऊस, मधेच उघडं रान, जतकडे पिवळट तांबूस माळ, ढगांची सावली त्यावरून सरकत चाललेली. कुडचीच्या आसपास ढगाला भोक पडलं आणि कृष्णा दिसली, श्रावणातली, तांबडी लाल, पात्र सोडून बाजूच्या शेतात हातपाय पसरून बसलेली. आई एकदम "कृष्णामाय" म्हणाली आणि खिडकीलाच नमस्कार. पैसे टाकायची सवय आहे तिला नदीत, पर्स उघडायला गेली आणि मग स्वतःच हसली. माझे तिकिटाचे पैसे तिथे वसूल, खरंच सांगतो.

गडहिंग्लजच्या पुढे मात्र सगळं पांढरं. घाटावर पावसाळ्यात ढग असतातच आणि विमान त्यातूनच खाली उतरतं, त्यामुळे शेवटची दहा-बारा मिनिटं हादरे बसतात, आंबोलीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांइतके नाहीत पण पोटात गोळा येण्याइतके नक्की. कमी उंचीवर उडणाऱ्या छोट्या विमानाला हे जास्त जाणवतं, त्यात कुणाचा दोष नाही, पण ज्यांना गाडी लागते त्यांनी पावसाळ्यात आधी आल्याची वडी वगैरे घ्या. आणि मग अचानक ढग संपतात आणि खाली हिरवं, इतकं हिरवं की सोलापूरच्या माणसाला खोटंच वाटतं. मोपाचं विमानतळ सड्यावर आहे, जांभ्याच्या पठारावर, त्यामुळे आपण डोंगरावरच उतरतोय असं वाटतं.

आता चार तास वीस मिनिटांचा हिशोब. घरापासून होटगी रोड पंचवीस मिनिटं. विमानाच्या दीड तास आधी पोचलो. खरं तर सोलापूरचं टर्मिनल आपल्या मंगल कार्यालयाएवढं, इकडून तिकडे चालायला दोन मिनिटं पुष्कळ, पण काउंटर आधी बंद होतं ते होतंच, तिथे ओळख चालत नाही. विमान त्रेसष्ट मिनिटं. उतरून बॅगा येईपर्यंत बावीस. मग टॅक्सी एक तास. टोटल करा, दोनशे साठ मिनिटं. म्हणजे मी विमानात बसलो त्याच्या तिप्पट वेळ विमानाच्या बाहेर होतो.

ह्यात टॅक्सीची पंधरा मिनिटं फुकट गेली. एक ओळखीतला ड्रायव्हर ठरवला होता, फोनवर "हो हो आलोच, गेटवर आहे" आणि गेटवर कुणी नाही, तिसऱ्या फोनला कळलं की तो धारगळच्या फाट्यावर चहा पितोय. आला तेव्हा वर मलाच म्हणतो, विमान लवकर कसं आलं. त्या सात मिनिटांचा असा सूड. पुढच्या वेळी तिथल्या काउंटरवरूनच गाडी घेणार.

पण रस्ता झकास. मोपावरून हायवेला लागलात की पत्रादेवी, तिथे गोवा संपतो, मग बांदा, मग इन्सुली, सावंतवाडी, वाट न बघता पाऊण तास. सिंधुदुर्गच्या दक्षिण भागात ज्यांचं कुणी आहे, बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग, त्यांनी हे विमान गोव्याचं समजूच नका, ते तुमचंच आहे. पणजीला जाणाऱ्यांना तिथून पस्तीसेक किलोमीटर पडतं. मडगाव किंवा दक्षिण गोवा असेल तर टॅक्सीचं भाडं आधी विचारा आणि मग तिकीट काढा, उलटं नको.

दाजी दारातच उभे. "काय रे, एवढ्यात इलंस?" सकाळी फोन केला तेव्हा आम्ही सोलापुरात होतो, त्यांचा विश्वासच बसेना. आक्काने आईला बघितलं आणि पहिलं वाक्य, "पाय सुजले नाहीत गं तुझे." हे गाडीने गेल्यावर दरवेळी व्हायचं. ही गोष्ट कुठल्याच वेबसाइटच्या कॅल्क्युलेटरमध्ये बसत नाही.

घ्यावं का? एकटे किंवा दोघं असाल, हाताशी दोन-तीन दिवस असतील, बरोबर वयस्कर माणूस असेल तर डोळे झाकून. चौघं-पाचजण, पोरं, शिवाय आक्कासाठी ज्वारीचं पोतं असं असेल तर आपली गाडीच बरी, कारण तिकीट माणशी असतं आणि पंधरा किलोच्या पुढे सामानाचे वेगळे पैसे, शिवाय तिकडे फिरायला परत गाडी लागतेच. आणि विमान रोज नाही, ठरावीक दिवशीच, त्यामुळे सुट्टी त्याच्या वारांवर टाकावी लागते. वेळापत्रक बदलतं पण, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी एकदा बघून घ्या. एक मार्क कापला तो ह्या वारांसाठी, बाकी तक्रार नाही.

सामानाचं अजून एक. जाताना शेंगा चटणी आणि कडक भाकरी काउंटरवर द्यायच्या बॅगेत टाकली, चटणी तिखटाची, हातातल्या बॅगेत ठेवून सिक्युरिटीला समजावत बसण्यापेक्षा तेच बरं. येताना आक्काने सवयीने सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बांधून दिल्या, तीन किलो. सुकं खोबरं विमानात चेक-इन सामानात चालत नाही, तेल असतं त्यात, आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते धोक्याच्या मालात धरतात. मोपाला काउंटरवर विचारलं तेव्हा कळलं. दाजी सोडायला आले होते म्हणून वाट्या परत सावंतवाडीला गेल्या, नाहीतर तिथेच ठेवून यावं लागलं असतं. कोकमं आणि काजू आले व्यवस्थित.

आता भाऊबीजेला आम्ही तिकडे जायचं का आक्काने इकडे यायचं ह्यावर रोज रात्री फोन चालू आहेत. आईने मात्र स्वतःपुरतं ठरवून टाकलंय, खिडकी तिची, आणि ह्या वेळी सुट्टे पैसे हातात धरूनच बसणार आहे म्हणे.